दापोलीची पेन्शनर मंडळी व १८९४ चें विनंतिपत्र

पेशवाईच्या अखेरीनंतर इंग्रजांनीं दक्षिण कोंकणासाठीं दापोलीस लष्करी ठाणें केलें. 'कॅम्प दापोली' हें नांव त्यावरूनच पडलें. मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोंकणांतील महार व चांभार शिपाई पुष्कळ असत. त्यांपैकीं अनेक पेन्शनर येथें वस्तीस राहिले. ठराविक पेन्शन व पलटणींत मिळालेलें अक्षरज्ञान ही त्यांची शिदोरी होय.

महाडनजीकच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ सालीं हवालदारीवरून निवृत्त होऊन दापोलीस आले. त्यांच्यावर जोतीराव फुले यांच्या विचारांचा ठसा होता. १८८८ सालीं त्यांनीं 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध केलें, व १८९० च्या सुमारास 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापिली. ही केवळ पेन्शनरांची संस्था नव्हे. तथापि तिचें बळ पेन्शनरांतच होतें.

पुढें लवकरच संकट ओढवलें. लढाऊ जातींविषयींच्या नव्या सिद्धांतास अनुसरून १८९२ च्या सुमारास सरकारनें महारांची भरती बंद केली. ह्यानें केवळ पगार बुडाला असें नाहीं. मुलांचें शिक्षण, हुद्दा आणि गांवकीच्या कामांतून सुटण्याची वाट हीं सर्वच बंद झालीं. ह्यावर मंडळीनें १८९४ सालीं लष्करी अधिकाऱ्यांस उद्देशून विनंतिपत्र तयार केलें. त्याची मराठी हस्तलिखित प्रत चांगदेव खैरमोडे यांच्या संग्रहाबरोबर मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आली.

ह्या पत्राचें परीक्षण विवेकानें करावें लागतें. मंडळीचें नांव 'अनार्य'. पत्रांत मात्र अस्पृश्य हे मूळचे क्षत्रिय असून दुर्गादेवीच्या दुष्काळांत मिळेल तें खाल्ल्यामुळें पतित ठरले, असें प्रतिपादन आहे. दुष्काळाची कथा हा जातीच्या उत्पत्तीचा पुरावा मानतां येत नाहीं. परंतु सरकारनें जातीवरून शौर्य ठरविलें, म्हणून अर्जदारांसही जातीचेंच उत्तर द्यावें लागलें, हें त्यांतून स्पष्ट दिसतें. लष्करी सेवेचा दावा मात्र निराळ्या कोटींतला. त्यास स्वतंत्र आधार आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरेगांवच्या स्तंभावर महार शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत.

वलंगकर १९०० सालीं वारले; भरती तेव्हां बंदच होती. १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं हीच मागणी विलायत सरकारपुढें मांडली. महायुद्धाच्या निकडीनें १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ सालीं मोडली. स्थायी महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजीं स्थापन झाली. म्हणजे गरज पडली तेव्हां दार उघडलें, गरज सरतांच लागलें. त्यामुळें मधल्या काळाचा इतिहास सरकारी दप्तरापेक्षां अर्जदारांच्या कागदांतच अधिक सांपडावयाचा.

संग्राहकांस म्हणून विनंती आहे. दापोलीस असो कीं नीरेकाठच्या निरवांगीस, पेन्शनराच्या घरीं ट्रंकेंत जुने दाखले, चाकरीचे कागद वा अर्जांचे मसुदे आढळल्यास ते सनदांच्या खालोखाल लेखूं नयेत. सनद देणाऱ्याचें म्हणणें सांगते. मागणाऱ्याचें म्हणणें अर्जांतच राहतें.