दिव्यावरचा आळ

दिवाळीनंतर विजेचे बिल १२४ युनिटांचे आले आणि मी बारावीतल्या मुलीच्या रात्रीच्या टेबलदिव्यावर घसरलो. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढे प्रत्येक युनिटाला चढा दर लागतो, हे तिला सुनावलेही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून जिन्यातल्या दिव्याखाली बसू लागली.

बंधू-भगिनींनो, जन्म हिशेबात गेलेल्या माणसाने न मोजताच रक्कम मुलीच्या नावे टाकली होती! ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून वॅटमीटर मागून आणला. भिंतीतले सॉकेट आणि वस्तूचा प्लग यांच्या मध्ये तो खोचला की त्या वेळी किती वॅट लागतात आणि एकूण किती युनिट झाले, दोन्ही दिसते. १००० वॅट तासभर चालले की १ युनिट. मुलीचा दिवा ९ वॅटचा. रोज ५ तास धरले तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही.

मग फ्रिजला लावला. कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो, म्हणून तिथे पुरे २४ तास मोजावे लागते. आकडा आला अडीच युनिट! दाराचे रबर फाटले होते. दारात धरलेला कागदाचा कपटा सहज निसटत होता. रबर बदलल्यावर आकडा दीडवर आला. म्हणजे महिन्याला ३० युनिट वाचले.

वॅटमीटर नसेल तर घरातले सारे बंद करून एकच वस्तू चालू ठेवावी आणि इलेक्ट्रॉनिक मीटरवरच्या दिव्याची लुकलुक मोजावी. किती लुकलुकींना एक युनिट, हे मीटरवरच छापलेले असते. आमच्या मीटरवर ३२०० आहे.

मुलीला जिन्यातून बोलावून आणायला मात्र मलाच जावे लागले.