पुन्हा धनुष्य हाती घेताना

20 वर्षांनी लाँगबो घ्यायला गेलो आणि जुन्या सवयीनं 50 पौंडांचा उचलला. तिसऱ्याच बाणाला हात थरथरला, खांदा कुरकुरला. फौजी अहंकार, दुसरं काय! शेवटी 35 पौंडांचा घेतला.

धनुष्यावर लिहिलेला ताण साधारणपणे 28 इंच ओढीचा असतो. माझी ओढ 27, म्हणजे हाताला दोनेक पौंड कमीच. कंपाउंड धनुष्याला चाकं असतात, पूर्ण ओढल्यावर भार हलका होतो. लाँगबोत तो शेवटपर्यंत वाढतच जातो. म्हणून दुकानात एकदा ओढून भुलू नका. पूर्ण ओढून 5 सेकंद धरा, असं पाच-सहा वेळा. शेवटच्या खेपेलाही हात स्थिर राहिला, तरच पैसे मोजा. आणि दोरी हळूच परत आणा. बाण न लावता सोडली, तर धनुष्य तडकू शकतं.