कांगारू बेटावरचं कोआलांचं इस्पितळ

ऑस्ट्रेलियात उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत. २०१९-२० च्या उन्हाळ्यात तिथल्या कांगारू बेटावर वणवा पेटला आणि जवळपास निम्मं बेट होरपळलं.

आगीत कोआला पळत नाही, झाडाच्या शेंड्याकडे चढतो. मग उतरताना तापलेल्या खोडावर, राखेत पंजे भाजतात. ज्याचं अख्खं जगणं फांदी घट्ट धरण्यावर, त्याला पंजाची जखम म्हणजे उपासमारच. असे सहाशेहून अधिक कोआला बेटावरच्या वाइल्डलाइफ पार्कमध्ये आणले गेले. बघता बघता त्या प्राणिसंग्रहालयाचं इस्पितळ झालं! जागा पुरेना, तेव्हा धुण्याच्या कपड्यांच्या प्लास्टिक टोपल्यांत कोआला ठेवले. मलमपट्टी, सलाइन, अनाथ पिल्लांना बाटलीनं दूध, सगळं तिथेच. पण सर्वांत जिकिरीचं काम पाल्याचं. कोआलाला लागतो निलगिरीचा पाला, तोही ताजा आणि ठरावीक जातींचा. रान तर जळालेलं. मग वाचलेल्या भागातून रोज फांद्या तोडून आणायच्या. मदतीला सैनिकही आले होते.

हे कोआला मूळचे इथले नव्हेत, १९२० च्या दशकात व्हिक्टोरिया राज्यातल्या फ्रेंच बेटावरून आणलेले. पण मुख्य भूमीवर कोआलांना पोखरणारा क्लॅमिडिया रोग या बेटावर नाही. म्हणून इथला वाचलेला प्रत्येक कोआला मला फार मोलाचा वाटतो.