संचालकाची सही आणि तिची जबाबदारी

पेडणे तालुक्यातील कोरगाव हे श्री कमळेश्वराचे गाव. देवस्थान म्हटले की महाजन आले, त्यांची समिती आली आणि समितीमागोमाग हिशेबही आला. गोव्यातील देवस्थानांना १९३३ साली पोर्तुगीज अमदानीत जी नियमावली लागू झाली, तिच्यानुसार समितीला आपले अंदाजपत्रक व हिशेब प्रशासक या नात्याने मामलेदारापुढे ठेवावे लागतात. दुसऱ्याचे धन सांभाळणाऱ्याने हिशेब द्यावा, ही गोष्ट गावकऱ्यांना नवी नाही. मात्र तोच गावकरी एखाद्या नातलगाच्या आग्रहाखातर खाजगी मर्यादित कंपनीचा संचालक होतो, तेव्हा सही केली की काम संपले, अशी त्याची समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने काम तेथूनच सुरू होते.

संचालक हा अनेक बाबतींत विश्वस्तासारखाच असतो. मर्यादित कंपनी बुडाली तरी भागधारकाचे नुकसान सहसा त्याच्या भागापुरतेच होते. त्याच्या घरादारावर जप्ती येत नाही. हे संरक्षण कायदा फुकट देत नाही. त्याच्या मोबदल्यात कंपनीने आपली सांपत्तिक स्थिती उघड करावी, म्हणजे उधारीवर माल देणाऱ्यास ती आधी पाहता येईल, अशी ही योजना आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा न्याय येथे चालत नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंदादी हिशेबपत्रके व ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र निबंधकाकडे दाखल करावे लागते. १ जुलै २०१८ पासून विलंबास दर कागदामागे दर दिवशी १०० रुपये जादा शुल्क पडू लागले. दोन्ही कागद वर्षभर रखडले तर ही रक्कम ७३,००० रुपये होते. शिवाय दंड निराळा. तो कंपनीस होतो, तसाच कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यासही व्यक्तिशः होतो. विवरणपत्राच्या बाबतीत त्याची कमाल मर्यादा ५०,००० रुपये आहे.

याहून मोठी शिक्षा पुढे आहे. सलग तीन आर्थिक वर्षे हे कागद दाखल न झाल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो आणि त्याला इतर कंपन्यांतील संचालकपदही सोडावे लागते. १९५६ च्या कायद्यात हा नियम सार्वजनिक कंपन्यांपुरताच होता. नव्या कायद्याने तो खाजगी कंपन्यांनाही लागू केला. २०१७ साली केंद्र सरकारने देशभरातील तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरविले, तेव्हा त्याचा अर्थ अनेकांस प्रथमच उमगला. आपण नावापुरते संचालक होतो, असे म्हणून यातून सुटका होत नाही.

ज्याला कारभारात लक्ष घालणे शक्य नाही, त्याने वेळीच लेखी राजीनामा द्यावा आणि त्याची प्रत स्वतः निबंधकाकडे नोंदवावी. त्यामुळे पुढची जबाबदारी टळते. पदावर असतानाच्या कसुरीची टळत नाही. जो पदावर राहू इच्छितो, त्याच्यासाठी उपाय सोपा आहे. वार्षिक सभा बहुधा सप्टेंबरअखेर होते; तेव्हा डिसेंबर उजाडताच त्याने दोन्ही कागदांची पोच मागावी. ती मिळाली नाही, तर आणखी एक दिवसही वाट पाहू नये.