लंबकाजवळ दोनदा जा!

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही प्रवरेकाठच्या बेलापूरचे असा की अहिल्यानगर जिल्ह्यातील दुसऱ्या गावचे, तुमच्या शाळेची सहल बहुधा देवस्थानाला किंवा किल्ल्यावर गेली असेल. यंदा एक दिवस पुण्याच्या विद्यापीठात घालवू या, असे गुरुजींना सुचवून पाहा. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. तेव्हा ते काही परके घर नव्हे.

28 फेब्रुवारी 1928 रोजी रामन परिणामाचा शोध लागला. म्हणून 1987 पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात. त्या निमित्ताने विद्यापीठाच्या आवारातील 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था सर्वांसाठी दारे उघडते. गर्दी फार असते, तेव्हा पहाटेची एस.टी. धरा.

तेथील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून प्रयोग करवून घेतले. त्यांपैकी विजेची मोटार तुम्ही घरीही कराल. दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, लोहचुंबक आणि लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढेच सामान. वेटोळ्याच्या एका टोकाचा लेप पूर्ण खरवडायचा, दुसऱ्याचा मात्र एकाच बाजूचा. दोन्ही पूर्ण खरवडली तर वेटोळे नुसते हेलकावे खाते. असे का व्हावे? अर्ध्या फेरीत मिळणारा रेटा पुढे ढकलतो, तर उरलेल्या अर्ध्या फेरीत तोच मागे खेचतो. लेप अर्धा ठेवला, की नेमका त्या वेळी प्रवाह तुटतो आणि वेटोळे आधीच्या गतीवर पुढे जाते. हे पुस्तकातील आकृतीवरून कळायला मला तरी फार वेळ लागला असता!

आता फूकोचा लंबक. पोहोचताच त्याच्या झोक्याची दिशा टिपून घ्या आणि तीन तासांनी पुन्हा या. बहुतेक लोक क्षणभर पाहून पुढे जातात; त्यांना काहीच दिसत नाही. पुण्यात झोक्याची दिशा तासाला 5 अंशांहून थोडी कमी, म्हणजे तीन तासांत सुमारे 14 अंश, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलेली आढळते. लंबक आपला झोका सोडत नाही. खालची जमीन फिरते. ध्रुवावर पूर्ण फेरीला सुमारे 24 तास लागतात, विषुववृत्तावर दिशा बदलतच नाही. मधल्या ठिकाणी 24 ला अक्षांशाच्या साइनने भागावे. पुण्याला (18.5 अंश) सुमारे 75 तास येतात, बेलापूरला 71 ते 72. फूकोने 1851 मध्ये पॅरिसला 67 मीटर लांबीच्या तारेने हे दाखविले.

नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीणही विज्ञान दिनी पाहता येते. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

शिक्षकांनी शाळेच्या उंच छपराला भक्कम दोरीने वाळूची जड पिशवी टांगून पाहावी. ती हाताने सोडू नये, कारण जरा तिरका धक्का बसला तरी ती लंबवर्तुळात फिरू लागते. पिशवी बाजूला ओढून दोऱ्याने बांधावी, पूर्ण स्थिर होऊ द्यावी आणि मग काडीने तो दोरा जाळावा. अर्ध्या तासात झोक्याची रेषा अडीच अंश वळायला हवी. मध्यापासून 50 सेंटिमीटरवर ते अंतर सुमारे 2 सेंटिमीटर भरते.