बांधावरचे खत : गिरिपुष्पाची ओळख व लागवड

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी व भुदरगड या तालुक्यांत पाऊस विपुल पडतो आणि भात हे तेथील प्रमुख पीक आहे. परंतु याच पावसाने तांबड्या व जांभ्या जमिनींतील अन्नद्रव्ये धुपून जातात. शेणखत सर्व खाचरांना पुरत नाही. डोंगरातील झाडांचा पाला तोडून आणावा, तर रान उघडे पडते. आणि तो राबासाठी जाळला, तर त्यातील नत्र हवेत उडून जाते. यावर एक सोपा उपाय शेताच्या बांधावरच वाढविता येतो. तो म्हणजे गिरिपुष्प.

ओळख

गिरिपुष्प हे शिंबी कुळातील झुडूप मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिका येथील आहे. छाटणी न केल्यास त्याचा लहान वृक्ष होतो. तिकडे कोकोच्या बागांत ते सावलीसाठी लावतात. त्याची साल व बी उंदरांना विषारी असल्यामुळे आपल्याकडे त्यास उंदीरमारी असेही म्हणतात. ग्लिरिसिडिया या शास्त्रीय नावाचा अर्थही तोच आहे.

हिवाळ्याच्या अखेरीस पाने झडून फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस येतात. तथापि, वारंवार छाटलेल्या झुडपास फुले क्वचितच येतात. म्हणून पानांवरून ओळख पटविणे इष्ट. एका पानात बहुधा ७ ते १७ पर्णिका असून त्या समोरासमोर येतात व टोकास एकच असते. पर्णिकांची खालची बाजू फिकट असून तीवर अनेकदा जांभळट ठिपके दिसतात. करंजाची पाने चकचकीत व कमी पर्णिकांची असतात. करंजाची शेंग जाड असून बहुधा एकच बी धरते व आपोआप उकलत नाही. गिरिपुष्पाची चपटी शेंग मात्र वाळताच तडकून बिया दूर उडविते. म्हणून बियांसाठी शेंगा पिवळसर होताच तोडाव्यात.

लागवड

बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशव्यांत पेरावे व तीन-चार महिन्यांची रोपे पावसाच्या आरंभी लावावीत. रोपांऐवजी जून फांदीची सुमारे एक मीटर लांबीची छाटेही चालतात. परंतु रोपांची मुळे अधिक खोल जातात. बांधाच्या माथ्यावर दोन झुडपांत ५० सेंटिमीटर अंतर ठेवावे. पाणी साचणारी जागा या झुडपास मानवत नाही. त्यामुळे शिरोळ तालुक्यातील पाणथळ व क्षारपड जमिनींत धैंचाच योग्य होय.

छाटणी व उपयोग

एका वर्षानंतर जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर छाटणी सुरू करावी. त्यामुळे पिकावर सावली पडत नाही. बियांसाठी एक-दोन झुडपे न छाटता राखावीत. भाताच्या चारसूत्री पद्धतीत गुंठ्यास ३० किलो ओला पाला सांगितला आहे. लावणीपूर्वी सुमारे आठवडाभर आधी तो कोवळ्या फांद्यांसह खाचरात पसरून चिखलणीत गाडावा. जाड काटक्या सरपणास ठेवाव्यात.

या हिशेबाने एकरी १,२०० किलो पाला लागतो व त्यातून सुमारे ६ ते ९ किलो नत्र मिळते. पिकाची सर्व गरज यातून भागत नाही. परंतु जमिनीत सेंद्रिय पदार्थाची भर पडते व विकत आणावयाच्या युरियात बचत होते.

घोड्यांना हा पाला विषारी आहे. गाई व शेळ्यांना द्यावयाचा झाल्यास तो सुकवून, थोडा थोडा व इतर चाऱ्यात मिसळून द्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका शेतकऱ्याच्या दोन शेजारच्या खाचरांपैकी एकात हा पाला गाडून, बाकी मशागत व खते सारखीच ठेवावीत. दोन्हींचे भात मळणीनंतर वेगवेगळे मोजून गावकऱ्यांस दाखवावे. तोंडी सल्ल्यापेक्षा हा पुरावा अधिक पटेल.