खोकून दाखव रे!

पडद्याआड उभ्या असलेल्या पोराला मी असं सांगितलं की तो आधी हसतो, मग खोटं खोटं खोकतो. "तसं नाही, पोटातून!" दुसऱ्या खोकल्याला जांघेत फुगवटा आला, तर हर्नियाची शंका पक्की होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात मी डॉक्टर आहे. अंगणवाडीत आम्ही वर्षातून दोनदा जातो, शाळेत एकदा. वजन, दात, डोळे व्हरांड्यातच उरकतात. ही तपासणी मात्र पालकांना विचारून, आडोशाला. हर्निया मुलींनाही होतो; त्यांना पथकातल्या मॅडम पाहतात.

गर्भात वृषण पोटातून खाली उतरतात. त्यांच्यामागची वाट बुजायला हवी. ती उघडी राहिली आणि आतडं घसरलं, तर हर्निया. नुसतं पाणी उतरलं, तर हायड्रोसील. आडवं झालं की हर्नियाची गाठ बहुधा आत जाते, म्हणून आई म्हणते, "गेली की हो!" पण वाट उघडीच असते. पट्टा किंवा लेप लावून ती बुजत नाही. लहानसं ऑपरेशनच लागतं.

पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत साधारण तिघांचं वृषण जन्मताना उतरलेलं नसतं. बरीच पहिल्या काही महिन्यांत उतरतात; उरलेल्यांचं ऑपरेशन दीड वर्षाच्या आत व्हावं. मग शाळेत कशाला बघायचं? कारण उतरलेलं वृषणही कधी कधी वाढत्या वयात वर सरकतं. गार हात लागला तरी ते तात्पुरतं वर पळतं, म्हणून थंडीत मी आधी तळवे चोळतो आणि पोराला मांडी घालून बसवतो.

शेवटी विचारतो, "शूची धार कशी पडते?" छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल, तर तो हायपोस्पॅडियास. अशा मुलाची सुंता डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. दुरुस्तीला तीच कातडी लागते. धार बारीक, थेंब थेंब असेल आणि जोर करावा लागत असेल, तर मूत्रमार्गात अडथळा असू शकतो; त्याची झळ मूत्रपिंडांना बसते.

यातलं काहीही पोर आपणहून सांगत नाही. आंघोळ घालताना तुम्हीच बघा. आम्ही चिठ्ठी दिली तर सुगी संपायची वाट पाहू नका. पुढचे उपचार या कार्यक्रमात मोफत होतात. आणि गाठ कडक झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर आमचीही वाट पाहू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा.